पंखा हवा की नको?

आज म्हापशात एका दुकानातला फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेटवरून येणारी-जाणारी माहिती तपासणारा डबा उघडला. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा चिकट थर, आणि लॅन पोर्टच्या पिनांवर हिरवट डाग. तांब्याचा गंज! गोव्यातली खारी, दमट हवा पंखाच आत ओढून घेतो. म्हणून इथं बिनपंख्याचा, अॅल्युमिनियमच्या बॉडीतूनच उष्णता बाहेर टाकणारा डबा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात, त्यात ताकदीवर पाणी सोडावं लागतं. तळहाताएवढ्या डब्यात पंख्याविना साधारण 10-15 वॉटच निभतात. गिगाबिट लाइनवर पूर्ण आकाराची पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, सेकंदाला सुमारे 81 हजार येतात. तीच 64 बाइटची असली तर 14.88 लाख! छोटा प्रोसेसर दमतो तो इथंच. माहितीपत्रकातला वेग कुठल्या आकारावर मोजलाय, ते आधी विचारा. व्हीपीएनसाठी (इंटरनेटवरून जाणारा सांकेतिक, खासगी मार्ग) एईएस या सांकेतिकीकरण पद्धतीची हार्डवेअर सोय पाहत असाल तर लक्षात ठेवा, वायरगार्ड या व्हीपीएनला तिचा उपयोग नाही. ते चाचा20 ही वेगळी पद्धत वापरतं.

बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारेच घ्या. तापमान 10 अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणून डबा बंद कपाटात कोंबू नका. भिंतीवर लावा, फिन्स (बॉडीवरच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या) उभ्या राहतील असा, म्हणजे गरम हवा आपसूक वर जाते. दमट हवेपासून वाचवायला बोर्डाला अॅक्रिलिक कोटिंग मारणार असाल तर पोर्टांवर आधी टेप लावा, नाहीतर पिनांवर थर बसून जोडणीच होत नाही. आणि एसडी कार्डावर लॉग (डब्याच्या कामाच्या नोंदी) लिहू नका, सततच्या लिहिण्याने कार्ड झिजतं; रॅममध्ये ठेवा.