घड्याळ चालू आसा

परवाची गोष्ट आहे, तृतीयेची. दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढते. गोष्ट तर इतकी फालतू आहे की माईला सांगितली तर ती म्हणेल, "मगे?" आणि त्या "मगे"ला माझ्याकडे उत्तर नाही.

सकाळी धावायला निघाले तेव्हा सगळं जमून आलं होतं. आबांचा हिशेब अजून तोंडपाठ आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ हातात. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती, सकाळी सव्वाआठच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी. साडेसहाला किनाऱ्यावर उतरलं की ओली, घट्ट वाळू हवी तेवढी रुंद मिळते. तारकर्लीहून देवबागच्या संगमापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. जाताना उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला माडांच्या पलीकडे कर्ली नदी. देवबागची पट्टी काही ठिकाणी इतकी चिंचोळी आहे की लाटांचा आवाज ऐकत ऐकत नदीतली होडी दिसते. थंडीत नदीवर धुकं असतं, समुद्रावर नसतं. सूर्य नदीच्या बाजूने वर येतो आणि आपली लांबलचक सावली समुद्रात पडते. संगमावर पोचलं की समोर भोगवे. तिथे मी नेहमी अर्धा मिनिट उभी राहते. तो अर्धा मिनिट घड्याळात धरत नाही.

हे धावण्याचं घड्याळ डिसेंबरमधल्या त्या दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी घेतलं. नाही, खरं म्हणजे रिपोर्ट आल्यावर घेतलं. तो विषय नको.

तर येताना, निम्म्याच्या पुढे आल्यावर, रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली दिसली. होडी जाळं टाकून परत आलेली, आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. अलीकडच्या दोराला सात-आठ जण, पलीकडच्याला त्याहून कमी. पलीकडे म्हातारेच जास्त. शाळेत असताना एका दोराला पंचवीस-तीस माणसं मोजलेली आठवतात, आम्ही पोरं वेगळी. मासळी बाहेरच्या बाहेर पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांच्या बोटी आणि एलईडी दिवे लावून मासे धरणारे उचलतात, किनाऱ्याला येणार काय, आणि आलंच नाही तर तरुण पोरं दोर कशाला ओढतील? ती बोटीवर पर्यटक फिरवतात, स्कूबाला नेतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझा भाचाही तेच करतो.

दोर पाण्यातून तिरका वर आलेला, ताठ, थेंब गळत असलेला. मी जवळ आले तशी हाक आली, "चेडवा, हात लाव गो जरा!"

पंचेचाळिशीतल्या बाईला चेडू, म्हणजे पोरगी, म्हणणारी माणसं आता किती उरलीत? मी हसले. हात वर केला. आणि दोरावरून उडी मारून पुढे गेले.

मागून दुसरा आवाज आला, "रवांदे रे, तिचा घड्याळ चालू आसा."

एवढंच. कुणी टोमणा मारला नाही. म्हणणाऱ्याचा आवाजही समजुतीचाच होता, पोराला ताप आहे, त्याला खेळायला बोलावू नका, अशा सुरातला. तेच जास्त लागलं. चिडून बोलला असता तर मीही घरी येऊन चिडले असते आणि विषय मिटला असता.

तेव्हापासून एकच घोळतंय. मी थांबले का नाही? घड्याळामुळे? घड्याळ एका बोटाने थांबतं. संगमावर रोज थांबवतेच की. मग? घाई होती म्हणावं तर घरी येऊन अर्धा तास ओट्याला टेकून फोन बघत चहा प्यायला. लाज वाटली का? हे अंगाला चिकटलेले कपडे, हे बूट, आणि त्यांच्यात जाऊन दोराला हात लावायचा. असेल. पण मग उडी का मारली? दोराखालून वाकून जाता आलं असतं. वरच्या बाजूने, सुरूच्या झाडांकडून वळसा घालता आला असता. मी उडी मारली, आणि चांगली मारली. पाय उंच उचलून. कुणी बघतंय हे माहीत असल्यासारखी. ते पाऊल डोळ्यांसमोरून जात नाही. वाटेतल्या गटारावरून मारतात तशी.

आबा रापणीत हात लावायचे ते माशांसाठी नव्हे. वाटो मिळायचा, पोस्टातल्या माणसालाही, पाव्हण्यालाही. ज्याने दोर धरला त्याचा वाटो, मग तो मूठभर पेडव्यांचा का असेना. पण आबांना कचेरीला जायची घाई असली तरी ते दहा मिनिटं धरायचे आणि वाटो न घेताच निघायचे. आई कटकट करायची, धरलात तर घेऊन तरी यायचे. आबांच्या तळव्यांवर नारळाच्या काथ्याचे वळ असत. नायलॉनचे वळ कसे उठतात मला माहीत नाही. तेही माहीत नाही बघा.

काल रात्री याच्यावरून फार वाईट वाटून घेतलं. मला कुणीच नाही इथपासून ते मी कुठलीच नाही इथपर्यंत. पुण्यात असताना टेकडीवर धावायचे तेव्हा मी "कोकणातली". इथे आले तर "पुण्यासून इल्ली". दोन्हीकडे पाहुणी. माझ्या वयाची एक बाई या अख्ख्या किनाऱ्यावर धावत नाही, पहिले तीन महिने लोक विचारायचे, "काय गो, कोण पडला काय?" ते सहन केलं, हसून केलं, आणि आता एका वाक्यात परत पहिल्या पायरीवर. असं बरंच. साडेबारापर्यंत. मग भूक लागली आणि उठून दहीपोहे खाल्ले.

आज सकाळी मी काय केलं ते लिहिताना जरा हसू येतंय.

काल चतुर्थीला वारा आहे म्हणून किनाऱ्यावर गेले नाही. वायरीच्या रस्त्याने मालवणकडे धावले, झाडांच्या फटीतून सिंधुदुर्ग दिसतो तिथपर्यंत. बरा आहे रस्ता. पण डांबर म्हणजे डांबर, आणि सातनंतर गाड्या सुरू होतात. आज वारा नव्हता, तरी नदीकाठच्या वाटेने गेले. आणि धावता धावता मनात पुढच्या आठवड्याची यादी: शनिवारी गाडी काढून तळाशीलला. तीही अशीच पट्टी, एका अंगाला गड नदीची खाडी, दुसऱ्याला समुद्र, आणि तोंडवळीच्या सुरूत चिटपाखरू नसतं. रविवारी धामापूरच्या तलावाकाठी, 1530 सालचा तलाव, सगळी सावली. नाहीतर नेरूरपारच्या पुलापासून आत. किती सुंदर, किती विविधता! पर्यटनवाल्यांनी छापावी अशी यादी. आणि त्या यादीत एकही जागा अशी नाही जिथे आमच्या वाडीची रापण लागते. आठ माणसांना चुकवण्यासाठी मी अख्खा मालवण तालुका पालथा घालायला निघाले होते.

नदीकाठची वाट तशी मला आवडते. चुलींचा धूर, मागीलदारी सुकत घातलेली जाळी, जेटीवर रात्रीच्या दवाने ओल्या झालेल्या पर्यटकांच्या बोटी, आणि नदीला समुद्राचाच वास. वाळूसारखं एका कुशीवर धावावं लागत नाही. वाळूच्या उतारावर एक पाय सतत खाली पडतो आणि जाताना उजवा, येताना डावा गुडघा बोलायला लागतो. इथे दोन्ही गुडघे गप्प. बोलणारं दुसरंच कुणी होतं.

जेटीच्या वळणावर समोरून स्कूटर. पायाशी बर्फाचा डबा. परवा मागून बोलला तोच. आता कुठे वळणार? एका बाजूला कर्ली, दुसऱ्या बाजूला लोकांचा गोठा.

त्याने स्कूटर हळू केली. "आज हयसून?"

"होय," म्हटलं. "वारो आसा."

पान हलत नव्हतं. त्याने एकदा माडांकडे बघितलं, काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरा झाला तू परवा धावत गेलंस. काय गावाक नाय. दोन पाटी पेडवे, ते पण बारके."

आणि गेला. मी परवापासून ज्याचा इतका कीस काढत होते ते त्याच्या लेखी एवढंच होतं: रापण रिकामी गेली, आणि एक माणूस रिकाम्या कष्टातून वाचलं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण थोडी निराशाही झाली, खोटं कशाला बोलू. इतकं वाईट वाटून घेतलं ते सगळं मी एकटीनेच.

उभी राहिले तशी घड्याळाने मनगटावर थरथरून विचारलं, संपलं का? त्याला पुन्हा सुरू करायचं विसरले. शेवटचे दीड-दोन किलोमीटर कुठेच नोंदले गेले नाहीत.

आता रात्रीचे दहा. बुटातली रेती मागच्या पायरीवर झाडली, परवाचीच, अजून ओलसर होती. उद्या षष्ठी. सहा पाऊण साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे साडेसहाला पाणी जेमतेम उतरायला लागलेलं असेल. किनाऱ्याला घट्ट वाळूची एवढीशी पट्टी. रापण लागलीच असली तर दोर चुकवायला जागा नसेल.