बॉडीबिल्डिंग स्पर्धेच्या तयारीची वही, आठवडा 8 : दंडाच्या मापाशेजारी रक्तदाब

वजन, कंबर, दंड यांच्या जोडीला या आठवड्यात वहीत नवे रकाने आले: सकाळचा रक्तदाब, नाडी, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल). 2025 मध्ये युरोपियन हार्ट जर्नलमध्ये आलेला अभ्यास वाचल्यावर हे टाळणं बरोबर नाही. 2005 ते 2020 या काळात स्पर्धेत उतरलेल्या 20,286 पुरुष बॉडीबिल्डरांपैकी 121 जण दगावले. सरासरी वय 45. त्यातले 38 टक्के मृत्यू हृदय अचानक बंद पडून, आणि हा धोका व्यावसायिकांना हौशींपेक्षा पाचपटीहून जास्त. अमेरिकन बॉडीबिल्डर डॅलस मॅककार्व्हर 2017 मध्ये 26 व्या वर्षी गेला. त्याचं हृदय 833 ग्रॅमचं निघालं. साधारण पुरुषाचं 300-350 ग्रॅम असतं.

रक्तदाब घेताना नेहमीचा पट्टा 40 सेंटिमीटरच्या दंडाला लहान पडतो आणि आकडा खोटा वर जातो. मोठा पट्टा मागून घ्या. पाच मिनिटं शांत बसा, चहा-खर्रा अर्धा तास आधी बंद, दोनदा मोजून सरासरी लिहा. 140/90 च्या वर सलग आठवडाभर राहिला, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जड सेट नकोत.

हिमॅटोक्रिट साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) मिळतो. टेस्टोस्टेरॉनच्या सुयांनी तो चढतो. 54 टक्क्यांच्या वर रक्त घट्ट होऊन गुठळीची भीती. गोळ्यांच्या स्टेरॉइडने एचडीएल काही आठवड्यांतच कोसळतं, पण आरशात यातलं काही दिसत नाही. लिव्हरच्या रिपोर्टात एसजीओटी, एसजीपीटी व्यायामानेही वाढतात, म्हणून रक्त देण्याआधी निदान आठवडाभर जड व्यायाम थांबवा आणि व्यायामाने न वाढणारं जीजीटी सोबत करून घ्या. किडनी तपासायचं क्रिएटिनिन स्नायू जास्त असले की मुळातच वर असतं. शंका आली तर स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी चाचणी करायला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी तोडणं, म्हणजे स्नायूंच्या रेषा (कट) उठून दिसाव्यात म्हणून स्पर्धेआधी पाणी बंद करणं. बॉडीबिल्डर मोहम्मद बेनाझिझा 1992 मध्ये हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला, वय 33. लघवीच्या गोळ्यांमध्ये फ्युरोसेमाइड पोटॅशियम उतरवतं, स्पायरोनोलॅक्टोन चढवतं. दोन्हीकडे हृदयाची लय बिघडते. मीठ-पाणी बंद, वर ही गोळी, आणि बाहेर चंद्रपूर-अकोल्याचं 45 अंशांचं ऊन. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) स्पर्धा असली तर पाणी तोडायचंच नाही, मग कट थोडे कमी दिसले तरी चालतील.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. गडचिरोली, चंद्रपूरच नाही, पूर्ण विदर्भात सिकलसेलचे वाहक पोट्टे बरेच आहेत. वाहकाला एरवी त्रास नसतो, पण शरीर कोरडं पडलेलं असताना जोराचा व्यायाम केला तर स्नायू फुटून किडनी बसू शकते, जीवही जाऊ शकतो. सिकलसेल ओळखणारी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. वहीच्या पहिल्या पानावर तिचा निकाल हवाच.

सेटआधी ‘दम यावा’ म्हणून मेफेनटरमाइनची सुई घेण्याचं खूळही गावोगाव पोचलंय. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला रक्तदाब उचलायचं ते औषध. चांगल्या रक्तदाबावर घेतलं की दाब आणि नाडी दोन्ही उसळतात. जिममध्ये कुपी दिसली तर उस्तादांना लगेच सांगा.

आठवडा 9 : ईसीजी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी). हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये विचारून वहीत लिहायची. 12 च्या वर असली तर तोच कागद घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे.