सरल आयडी आणि दहावीनंतरचं मार्गदर्शन: माझा अनुभव

महाकरिअर पोर्टल, म्हणजे मुलांना करिअरची माहिती देणारी राज्याच्या शिक्षण विभागाची वेबसाइट, 2021 मध्ये फुकट होतं, घरबसल्या बघता यायचं, सगळं खरं. पण आत शिरायला मुलाचा सरल आयडी, म्हणजे सरकारच्या ‘सरल’ या ऑनलाइन नोंदीतला विद्यार्थ्याचा नंबर, लागायचा, आणि तो शाळेकडून मिळवताना माझ्या नाकी नऊ आले.

मोठ्याच्या वेळी दहावीत शाळेतच कल चाचणी झाली होती. धाकटीच्या नशिबी कोरोना. एप्रिल 2021 मध्ये परीक्षाच रद्द झाली. नववीचे 50, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 30, तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 असा निकाल लागणार म्हटल्यावर आपल्याला नक्की काय जमतं हेच तिला कळेना. सकाळी सायन्स, संध्याकाळी आर्ट्स.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, आयडी ऑफिसकडे. ग्रुपवर विचारावं तर तिथे फक्त ॲडमिनला लिहिता येतं. म्हणून शाळेत गेले. दारात आडवं बाक, त्यावर सॅनिटायझरची रिकामी बाटली आणि ‘पालकांनी आत येऊ नये’ हा कागद. क्लार्क हनुवटीवरचा मास्क वर न घेताच पलीकडून ओरडले, “सरलचा पासवर्ड सरांकडे, सर क्वारंटाइन!” पुढच्या खेपेला सर बरे होऊन आले होते, तर क्लार्क कोविड ड्युटीवर. त्यानंतर एकदा मोठ्या मेहेरबानीने चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. घरी येऊन टाकला तर लॉगिन होईना. तो यूडायस नंबर होता, म्हणजे मुलीचा नाही, शाळेचाच ओळख क्रमांक! फोन केला तर म्हणे, “तुम्ही नंबर मागितला, दिला.” ज्या ऑफिसात अख्ख्या शाळेचे आयडी आहेत तिथून एक निघत नाही, याचा राग मला अजून येतो.

सोडवलं नणंदेने. ती जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. म्हणाली, “वहिनी, तिचा सातवीचा दाखला बघा की. वरच चौकटीत स्टुडंट आयडी असतो, तोच सरल आयडी.” हायस्कूलला मूळ दाखला देताना ठेवलेली झेरॉक्स फाइलमध्ये होती. पुसट आकडे मोबाइलवर मोठे करून वाचले आणि लॉगिन झालं. तेव्हा मुलाने शाळा बदलली असेल तर आधी दाखल्याची झेरॉक्स शोधा, मग शाळेची पायरी चढा.

पोर्टलवर अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या यांची माहिती भरपूर होती. निर्णय मात्र ते घेत नव्हतं, त्याला माणूसच लागतो. समुपदेशक शिक्षकांच्या नंबरांची यादी फिरत होती, त्यातल्या एका मॅडमना फोन लावला. पहिल्यांदा हिचे बाबा शेजारीच लॅपटॉप घेऊन बसलेले, त्यामुळे “हो मॅडम, नाही मॅडम” यापलीकडे गाडी जाईना. पुढच्या वेळी तिला फोन देऊन गच्चीवर पिटाळलं. चार्जिंग संपलं तेव्हा खाली आली. मॅडमनी गुण विचारलेच नव्हते. कुणी न सांगता कुठली वही पूर्ण केलीस, एवढंच विचारलं होतं. भूगोलाची! आर्ट्स ठरलं. वडिलांना पचायला थोडे दिवस लागले.



मग अकरावीच्या प्रवेश परीक्षेचं, सीईटीचं, निघालं. 21 ऑगस्टची तारीख होती, पोरगी पुन्हा पुस्तकं काढून बसली, आणि 10 ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द केली. त्याच आठवड्यात क्लार्कचा मेसेज आला: “आपल्या पाल्याचा सरल आयडी.” ताडून पाहिला. शेवटचा आकडा चुकला होता.