माझा पहिला त्रोयाक कसा ओळखला

क्राकोवमध्ये राहतो, जॉब आयटीतला, पण डोक्यात सध्या फक्त त्रोयाक. म्हणजे तीन ग्रोशांचं चांदीचं नाणं, पोलंडमध्ये १५२८ ला सुरू झालं, हातोड्याने पाडलेलं, जेमतेम २० मिमीचं, वजन अडीच ग्रॅमच्या आतच. मित्र विचारतात एवढंसं नाणं कुठल्या टांकसाळीचं हे कळतं कसं, म्हणून सगळं लिहितोय.

रविवारी हाला तार्गोवाजवळ जुना बाजार भरतो, तिकडेही नाणी दिसतात, पण मी घेतलं लिलावातून, पावतीसकट. इथे जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू सरकारच्या मालकीची असते, त्यामुळे नाणं कुठून आलं ते कागदावर असलेलंच बरं, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुढची बाजू सोपी होती, पोलंडचा राजा झिगमुंट तिसरा वासा, मुकुट, दाढी, चुण्यांची कॉलर. मागची मात्र निम्मी झिजलेली. वर तीन उभ्या रेघा म्हणजे किंमत, खाली पोलंडचा गरुड, लिथुआनियाचा घोडेस्वार आणि वासा घराण्याची पेंढी एवढं कळलं, पण छाप जरा सरकून पडलेला त्यामुळे कडेची अक्षरं अर्धीच उठलेली. वरून लाइट मारून काहीच दिसेना, मग खोलीतले दिवे घालवले, टॉर्च टेबलावर आडवी ठेवली आणि नाणं हळूहळू फिरवत बसलो. आधी आय उठून आला, मग पलीकडे एफ, ही खजिनदार यान फिर्लेयची आद्याक्षरं. आणखी थोडं फिरवलं तर खालच्या भागात ९७ आणि एक बी, सावलीत एकदम स्पष्ट! बी म्हणजे बिदगोश्च शहराची टांकसाळ, साल १५९७. अंगावर काटाच आला राव. पोझ्नानचं असतं तर पी, लुब्लिनचं एल. तेव्हा या टांकसाळी जोरात चालू होत्या, १६०१ ला राजाने क्राकोव ठेवून पोलंडमधल्या बाकीच्या बंद केल्या.

मग खरं-खोटं तपासलं. वजन बरोबर भरलं. ओतीव नकलेला कडेवर बऱ्याचदा शिवण दिसते, भिंगातून पाहिलं, नव्हती. त्या काळातलीच खोटी नाणीही मिळतात, आत तांबं वर चांदीचा मुलामा, झिजलेल्या उंचवट्यांवर लालसर दिसलं की समजायचं. तरी मन भरेना म्हणून हुत्तेन-चाप्स्की म्युझियममध्ये जाऊन तिथली नाणी काचेला नाक लावून बघितली, जायलाच हवं अशी जागा आहे.

आणि एक हात जोडून सांगतो, घरच्या चांदीच्या भांड्यांसारखं याला पितांबरी किंवा टूथपेस्ट लावू नका. तो काळपट थर शेकडो वर्षांत चढलाय, एकदा गेला की गेला, आणि अक्षरंही त्याच्यामुळेच वाचता येतात. फारच माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायचं, घासायचं नाही.

आता लुब्लिनचा एल शोधतोय. कोणाकडे असेल तर मागच्या बाजूचा फोटो पाठवा, उजेड आडवा ठेवून काढलेला.