आधी बाथरूमचं दार, मग समुद्र

आईला समुद्रातून सूर्य उगवताना बघायचा होता. आपल्याला समुद्रावरचा सूर्य ठाऊक असतो तो बुडताना. हर्णै म्हणा, गणपतीपुळे म्हणा, तो संध्याकाळी पाण्यात उतरतो आणि आपण भेळ खात उठतो. उगवताना पाहायचा तर पूर्व किनारा गाठायला हवा.

मी व्हीलचेअर वापरते. अकरा वर्षांपूर्वी अपघातात कण्याला डी-४ पातळीवर, म्हणजे पाठीच्या चौथ्या मणक्याजवळ, दुखापत झाली, तेव्हापासून छातीच्या खाली संवेदना नाही. हात उत्तम चालतात. या अकरा वर्षांत मी समुद्र पाहिला तो गाडीच्या काचेतून, नाहीतर बांधावरून. वाळूत खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात, मग मागून कुणी कितीही जोर लावला तरी खुर्ची हलत नाही. त्यामुळे चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर रॅम्प झाल्याची बातमी मी जपून ठेवली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये विवेकानंद इल्लम या विवेकानंदांच्या स्मारकासमोर तो सुरू झाला. लाकडी, २६३ मीटर लांब, तीन मीटर रुंद. पुढच्याच महिन्यात मंदोस चक्रीवादळाने त्याचं समुद्राकडचं टोक मोडलं, मग ते दुरुस्त झालं. २६३ मीटर ऐकून दचकायला होतं, पण मरीनाची वाळूच तेवढी रुंद आहे. रस्त्यावरून समुद्र दिसतो, हाती लागत नाही.

पुण्याहून आम्ही तिघं जाणार होतो. मी, कानाला यंत्र लावणारी आई आणि अकरावीतला पुतण्या. तीन रात्री.

तारीख ठरवायलाच आठवडा गेला. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस असतो, वादळंही त्याच दिवसांत. मार्चपासून उकाडा वाढत जातो, आणि माझ्या शरीराला तो सोसत नाही, कारण दुखापतीच्या खाली घाम येत नाही. अंग तापत राहतं आणि आतून थंड होत नाही. उरले जानेवारी आणि फेब्रुवारी. जानेवारीत पोंगल. कानुम पोंगलच्या दिवशी मरीनावर अख्खं शहर लोटतं. त्यानंतर प्रजासत्ताक दिनाचं संचलन, तेही मरीनालगतच्या कामराजर सालईवर, आणि त्याच्या तालमींसाठी रस्ता बंद. म्हणून फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरला. हे सगळं आधी कळलं ते माझी मैत्रीण बरीच वर्षं चेन्नईत राहिली आहे म्हणून.

आता खरं काम, म्हणजे हॉटेल. मी सात ठिकाणी फोन केले. "व्हीलचेअर चालेल का?" असं विचारलं की सगळीकडून एकच उत्तर येतं, "येस मॅडम, लिफ्ट आहे." यात खोटेपणा नसतो. त्यांच्या डोळ्यांसमोर पाय दुखणारे आजोबा असतात, जे लिफ्टपर्यंत खुर्चीतून येतील आणि पुढे चालत जातील. म्हणून मी तो प्रश्न विचारणं सोडून दिलं आणि आकडे मागायला लागले. माझी खुर्ची बाहेरून बाहेरून साडेचोवीस इंच आहे. बाथरूमचं दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती उरते? चौकट नव्हे, मोकळी जागा, कारण दाराची जाडी त्यातून वजा होते. उंबरा किती उंच? कमोडच्या शेजारी खुर्ची लावायला जागा आहे का? टेप धरून फोटो पाठवाल का?

सातपैकी तिघांनी फोटो पाठवले. एकाचं दार तेवीस इंच निघालं, आणि त्या खोलीला ते अपंगांसाठीची खोली म्हणत होते. दुसऱ्याकडे आत शिरल्यावर खुर्ची वळवायला जागा नव्हती. तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने पिवळा टेप दारात आडवा धरून फोटो काढला होता. टेपवरचा आकडा एकतीस, आणि कोपऱ्यात त्याचा स्वतःचा अंगठा. मी तिथेच खोली ठरवली. न सांगता त्याने दुसरा फोटोही पाठवला. त्यात दाराशी दोन इंचांचा उंबरा दिसत होता आणि खाली लिहिलं होतं, "प्रॉब्लेम?"

दोन इंच म्हणजे प्रॉब्लेमच. नियमातला रॅम्प एकास बाराचा असतो, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. दोन इंचांना दोन फूट. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन प्लायच्या दोन फूट लांबीच्या दोन फळ्या कापून घेतल्या, प्रत्येकी चौदा इंच रुंद. सुताराकडून एका टोकाला खाली पट्टी मारून घेतली आणि वर खरखरीत टेप चिकटवली. शेजारी शेजारी ठेवल्या की रॅम्प, उचलल्या की बॅगेच्या तळाशी मावणारं सामान.

विमानासाठी खुर्चीची मदत लागणार हे निदान ४८ तास आधी कळवायचं असतं, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. विमान कंपन्यांचे यासाठी तीन कोड आहेत. आर म्हणजे पायऱ्या चढू शकणारा, एस म्हणजे पायऱ्या नाही पण थोडं चालू शकणारा, सी म्हणजे अजिबात चालू न शकणारा. मी सी. फोनवर दोनदा सांगितलं, तरी नोंद आर अशी झाली होती. लोहगावच्या विमानतळावर काउंटरवर पोचल्यावर हे कळलं. म्हणजे सीटपर्यंत नेणारी अरुंद खुर्ची आणि ॲम्ब्युलिफ्ट (खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत वर उचलणारी गाडी) यांची तयारीच नाही. चाळीस मिनिटं धावपळ झाली आणि बाकी सगळे बसल्यावर मी आत गेले. मला मनापासून राग आला, कारण चुकलेल्या एका अक्षरामुळे मला चार अनोळखी हातांनी उचलून न्यायची वेळ आली होती आणि मी ठाम नकार दिला म्हणूनच लिफ्ट मागवली गेली. आता मी तिकीट काढल्यावर तो कोड लेखी मागून घेते. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत सोडायची नाही, आणि ती खाली देताना गादी काढून आपल्याजवळ घ्यायची. खुर्ची उशिरा आली तर चालतं, गादी हरवली तर दोन दिवसांत बसण्याच्या जागी जखम होते. लघवी काढायच्या नळ्या, म्हणजे कॅथेटरही हँडबॅगेतच ठेवायचे. दिवसाला सहा धरून चार दिवसांचे चोवीस, वर दहा जास्तीचे.

आणि टॅक्सी. पुण्यात हा धडा मी कधीच शिकले आहे. सीएनजीची गाडी आली की डिकीत सिलिंडर असतो आणि घडी केलेली खुर्ची आत जात नाही. म्हणून चेन्नईतही गाडी ठरवताना पहिला प्रश्न डिकीचा. मेट्रो थेट विमानतळापासून आहे, लिफ्टही आहेत, पण सामान आणि आई दोन्ही सोबत होतं, म्हणून येताना टॅक्सीच घेतली.

हॉटेलात दार बरोबर एकतीस इंचाचं निघालं, फळ्या फिट बसल्या. चुकलं ते माझं. पलंगाची उंची मी विचारलीच नव्हती. माझी बैठक वीस इंचांवर, पलंग सव्वीसवर. सहा इंच वर स्वतःला उचलून नेणं मला जमत नाही. टेपवाल्या माणसाने (त्याचा अंगठा मी लगेच ओळखला) गादीखालचा पेटीसारखा थर काढून भिंतीला टेकवून ठेवला आणि पलंग एकवीसवर आला. आंघोळीला बिनहातांची प्लास्टिकची खुर्ची मागितली, तीही मिळाली.

आईची तयारी वेगळी होती. समोरच्याच्या ओठांवरून तिला मराठी कळतं, तमिळ किंवा इंग्रजी नाही. पुतण्याने तिच्या फोनवर बोललेलं लिहून दाखवणारं ॲप टाकून दिलं होतं, पण ती बहुतेक वेळा माझ्या तोंडाकडेच पाहायची. म्हणून जेवताना मी मुद्दाम तिच्या समोर बसायचे, शेजारी नाही. दमट हवेत कानाचं यंत्र खराब होतं, त्यासाठी सिलिका जेलची डबी बरोबर होती. रात्री यंत्र त्यात.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला निघालो. रस्त्यावर अजून दिवे होते. टॅक्सीवाल्याने "अक्का" म्हणत खुर्ची उतरवली, पण उचलताना तिचे हात धरले, आणि ते निघून येतात. मी सांगितल्यावर त्याने खालची फ्रेम धरली. हे प्रत्येकाला सांगावंच लागतं, आणि सांगितलं की प्रत्येक जण ऐकतो.

रॅम्पवर चाक चढलं तसा फळ्यांचा खडखडाट सुरू झाला. एकेका फटीवर हाताला बारीक धक्का बसत होता. दोन्ही बाजूंना वाळू, आणि तिच्यामधून मी स्वतःच्या हातांनी पुढे जात होते. कुणी ढकलत नव्हतं. अर्ध्यावर थांबून मागे पाहिलं तर रस्ता लांब गेला होता. आई माझ्या मागून येत होती, एका हातात चपला. टोकाला कठडा आहे. तिथून पाणी अजून काही पावलांवर होतं, पण तुषार चेहऱ्यावर येत होते आणि ओठांना खारट लागत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

वाऱ्याने यंत्रात नुसती घरघर होते म्हणून आईने ते काढून डबीत ठेवलं आणि फळ्यांवर बसून पाय वाळूत सोडले. साडेसहाच्या पुढे पाण्यावरच्या ढगांच्या पट्टीखालून सूर्याची कड वर आली. तिने माझा हात धरला. तिला ऐकू येत नव्हतं, मला बोलायचं नव्हतं.

सव्वासातला ऊन अंगावर यायला लागलं. मी स्प्रेच्या बाटलीने मान आणि हात ओले केले, आईने ओला टॉवेल गुंडाळला. मांडीवरही टॉवेल टाकला, कारण तिथे भाजलं तरी मला कळत नाही. आठला कॅथेटरची वेळ होती आणि त्यासाठी एकतीस इंचांचं ते दार गाठायचं होतं, म्हणून साडेसातला निघालो. आई म्हणाली, "उद्या परत येऊ या."

तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गाडीला बोलावलं. पावणेसहाला खाली उतरलो तेव्हा डिकी आधीच उघडी होती आणि आत अंथरलेलं जुनं पोतं दिसत होतं.