शर्यतीआधी किनारा

पावसाळा सरून नोव्हेंबर लागला की कोकणच्या किनाऱ्यावर दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक हंगाम धावपटूंचा आणि सायकलस्वारांचा. हवा कोरडी झालेली असते, पहाटे गारवा असतो, रेवस ते रेडी हा सागरी रस्ता वाहता झालेला असतो आणि बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींवर सायकलींची रांग दिसू लागते. मुंबई-पुण्याहून आलेले गट खाडीमागून खाडी ओलांडत दक्षिणेकडे निघतात. याच सुमारास गावोगावी किनाऱ्यावरच्या शर्यती, सायकलफेऱ्या आणि स्वच्छतेच्या मोहिमा आखल्या जातात. दुसरा हंगाम ऑलिव्ह रिडले कासवांचा. त्यांच्या माद्या याच महिन्यांत रात्री किनाऱ्यावर चढतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि पहाटेपूर्वी समुद्रात परत जातात. साधारण मार्चपर्यंत हे चालते आणि पिल्ले मे महिन्यापर्यंत बाहेर पडत राहतात.

हे दोन हंगाम एकाच वाळूवर येतात, आणि खेळाच्या माध्यमातून निसर्गासाठी किंवा समाजासाठी काही करावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासमोरचा खरा प्रश्न इथेच उभा राहतो. माझे मत असे आहे की आपण बहुतेक वेळा क्रम उलटा लावतो. आधी शर्यतीचे अंतर ठरते, तारीख ठरते, मार्ग ठरतो, आणि मग त्यावर एखादा चांगला विषय चिकटवला जातो. किनाऱ्याला काय हवे आहे, कोणत्या दिवशी हवे आहे आणि कुणाच्या हातून हवे आहे, हे आधी विचारले तर त्याच शर्यतीचा आराखडा पूर्ण वेगळा होतो. कधी कधी तर शर्यत नको, नुसते चालणे पुरे, असेही उत्तर येते, आणि तेही तितक्याच आनंदाने स्वीकारले पाहिजे.

कासवमित्रांचे, म्हणजे गावातल्या किनाऱ्यावरची कासवांची अंडी शोधून सांभाळणाऱ्या माणसांचे, काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे लगेच पटेल. मंडणगड तालुक्यातल्या वेळास या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांना सोबत घेऊन हे काम सुरू केले. पुढे वन विभागाच्या साथीने ते आंजर्ले, गुहागर आणि थेट सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यांपर्यंत पसरले. हंगामात कासवमित्र रोज पहाटे, भरतीने माग पुसण्याआधी, किनारा पायी पालथा घालतो. मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळूवर उमटलेला माग पाण्यापासून कुठवर गेला आहे आणि कुठून वळला आहे, हे तो पाहतो, हलक्या हाताने काठी टोचून भुसभुशीत वाळूचा अंदाज घेतो आणि कुत्रे, कोल्हे किंवा घोरपडी पोहोचण्याच्या आत अंडी काढून जाळीच्या कुंपणातल्या उबवण केंद्रात तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतो. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात. एका माणसाने महिनोन्‌महिने, रुतणाऱ्या वाळूत, अंधारात, एकही दिवस न चुकवता घातलेल्या या फेऱ्या मला कोणत्याही दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीइतक्याच मोठ्या वाटतात. त्यांना बिल्ला नाही, वेळेची नोंद नाही, आणि मिळणारे मानधनही तुटपुंजेच असते.

खुद्द कासवाच्या पल्ल्यापुढे तर माणसाचे सगळे विक्रम लहान ठरतात. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवण्यात आला आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. त्यानंतर आणखी काही माद्यांवर असे टॅग बसवल्यामुळे अंडी घालून गेलेली कासवे अरबी समुद्रात कुठे आणि किती लांब जातात हे पहिल्यांदाच कळू लागले. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी तर २०२५ च्या जानेवारीत आमच्या गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून आलेल्या या जलतरणपटूसाठी आपण किनाऱ्याचा थोडा भाग, थोड्या रात्री, मोकळ्या ठेवायला हव्यात की नकोत?

यातून धावणाऱ्यांसाठी जे नियम निघतात ते अवघड नाहीत. उजाडण्याआधी कपाळावर दिवा लावून वाळूवर धावू नये, कारण पिल्ले अंधारात ज्या दिशेला क्षितिज उजळ दिसते त्या दिशेला जातात. मोकळ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते, पण मागे प्रखर दिवे असले की पिल्ले उलटी, वस्तीकडे वळतात. धावायचे ते भरतीच्या रेषेच्या खाली, ओल्या, घट्ट वाळूवर. तिथे पायालाही बरे पडते आणि वरच्या कोरड्या पट्ट्यातल्या न सापडलेल्या घरट्यांवर पाऊल पडत नाही. माग दिसला तर तो न मोडता कासवमित्राला कळवावा. रोज सकाळी धावायला जाणाऱ्या माणसाचे डोळे हे त्याच्या नोंदणीशुल्कापेक्षा किनाऱ्याच्या जास्त उपयोगी पडतात, हे मी गेल्या काही हंगामांत पाहत आलो आहे. आणि जे पायी किंवा सायकलने येतात त्यांनी एक गोष्ट आपल्या गाडीवाल्या मित्रांनाही सांगावी: वाळूवर गाड्या पळवण्याची जी हौस आमच्या किनाऱ्यांवर वाढली आहे, तिच्याखाली खेकड्यांची बिळे आणि घरटी दोन्ही चिरडली जातात.

खेळातून समाजाचे काम उभे करणे आपल्याकडे बाहेरून आलेले नाही. कोकणात भातकापणी झाली की रिकाम्या मळ्यांत कबड्डीची मैदाने आखली जातात. गावचे मंडळ आणि मुंबईकर चाकरमान्यांचे मंडळ मिळून स्पर्धा भरवतात आणि त्यातून शाळेची कौले, देवळाचा सभामंडप, पाण्याची टाकी अशी कितीतरी कामे मार्गी लागली आहेत. हे कुणी ‘उपक्रम’ म्हणून केले नाही. माणसे जमतात तिथे वर्गणी जमते, इतक्या सरळ हिशेबाने केले. बाबा आमटे यांनी १९८५ मध्ये तरुणांना सायकलवर बसवून कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा नेली तेव्हाही सायकल हे गावोगावी थांबून माणसांशी बोलण्याचे साधन होते. स्वतःच्या मणक्याच्या आजाराने ते धड बसूही शकत नव्हते, तरी ते त्या यात्रेसोबत होते. आणि कॅनडातल्या टेरी फॉक्स या तरुणाने कर्करोगामुळे एक पाय गमावल्यावर १९८० मध्ये कृत्रिम पायाने १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर धावून काढले, कर्करोग संशोधनासाठी निधी जमवला, आणि आजार फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. त्याच्या नावाने जगभर होणाऱ्या धावण्यांत स्पर्धा नसते, क्रमांक नसतात. या मुद्द्याकडे मला विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ज्या कामासाठी धावायचे ते मोठे असेल तर पहिला कोण आला याला महत्त्व उरत नाही, आणि म्हणूनच आजी, शाळकरी मुले, कुबडी घेऊन चालणारे, सगळेच त्यात येऊ शकतात.

आता कचऱ्याबद्दल, कारण किनाऱ्यावरच्या बहुतेक मोहिमा त्याच्याच भोवती फिरतात आणि त्यात उत्साह जितका असतो तितका विचार नसतो. पावसाळ्यात नद्यांनी वाहून नेलेले आणि समुद्राने घुसळलेले सगळे काही किनाऱ्यावर परत येते: थर्मोकोलचे गोळे, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, चपला, दुधाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाने हा सगळा कचरा वरच्या रेषेत लागतो आणि पुढच्या भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या, भरतीत पाणी तिथवर पोहोचत नाही. म्हणून उधाण ओसरल्यानंतरचे दोन-तीन दिवस हेच सफाईचे खरे दिवस. रविवार सोयीचा म्हणून रविवार धरला आणि त्या दिवशी पाणी सुरूच्या झाडांच्या मुळाशी असले, तर शेकडो माणसे येऊनही हाती थोडेच लागते. जागतिक किनारा स्वच्छता दिन सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. त्या वेळी आमच्याकडे समुद्र अजून खवळलेला असू शकतो, तेव्हा तो दिवस पाळून पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंचांग पाहून पुन्हा उतरणे गरजेचे आहे.

धावता धावता कचरा उचलण्याची पद्धत स्वीडनमध्ये २०१६ च्या सुमारास रुजली आणि आता आपल्याकडच्या शहरांतही ती आहे. वाकणे, उठणे, पिशवी पेलणे यामुळे व्यायामही चांगला होतो. जपानमध्ये तर २००८ पासून कचरा वेचण्याच्या रीतसर स्पर्धा होतात: तिघांचा संघ, ठरलेला वेळ, ठरलेली हद्द, आणि नंतर वर्गीकरण. गुण नुसत्या वजनावर मिळत नाहीत, तर कचऱ्याच्या प्रकारानुसार बदलतात. सिगारेटच्या थोटकांना वजनाच्या मानाने भरघोस गुण असतात, कारण ती वेचायला कष्टाची आणि पाण्याला घातक. २०२३ मध्ये टोकियोत या खेळाची विश्वचषक स्पर्धाही झाली. आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत हा खेळ यावा असे मला फार वाटते, फक्त गुणांचा तक्ता आमचा असावा. जाळ्यांच्या तुकड्यांना सर्वांत जास्त गुण द्यावेत, कारण समुद्रात सुटलेले जाळे वर्षानुवर्षे मासे आणि कासवे अडकवत राहते.

पण गोळा केलेल्या पिशव्या जातात कुठे? हा प्रश्न मी प्रत्येक आयोजकाला विचारतो, आणि बऱ्याच वेळा उत्तर मिळत नाही. किनाऱ्यावरच्या लहान ग्रामपंचायतीकडे कचऱ्याची गाडी नसते, वर्गीकरणाची शेड नसते. वाळू आणि मीठ लागलेले प्लास्टिक भंगारवाला सहसा घेत नाही. मग छायाचित्रे काढून झाल्यावर तो ढीग सुरूच्या बनामागे पडून राहतो आणि कुणीतरी तो पेटवून देते. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, देशभर २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली, तरी जे आधीच समुद्रात आहे ते येतच राहणार. त्यामुळे ज्या मोहिमेच्या खर्चात धुण्यासाठी पाणी, वर्गीकरण करणाऱ्या महिलांची मजुरी आणि तालुक्यापर्यंतच्या टेंपोचे भाडे धरलेले नाही, ती मोहीम अर्धीच आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन. वेर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ च्या ऑक्टोबरात एका वृद्ध शेजाऱ्यासोबत सुरू केलेले काम टिकले ते आठवड्यामागून आठवडे तिथे जात राहिल्यामुळे. २०१८ च्या मार्चमध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. एका दिवसाच्या कार्यक्रमाने हे झाले नसते.

प्रवासाचाही हिशेब मांडला पाहिजे. एकवीस किलोमीटर धावण्यासाठी मुंबईहून एकेका मोटारीत एकेक माणूस येत असेल, तर त्या धावण्याला पर्यावरणाचे नाव देताना संकोच वाटायला हवा. कोकण रेल्वे आहे, एस.टी. आहे. चिपळूणला उतरून गुहागरपर्यंत किंवा खेडला उतरून दापोलीपर्यंत सायकलने जाणे हा स्वतःच एक देखणा, घाम काढणारा टप्पा आहे. नाश्त्याला पत्रावळीवर उकडीचे मोदक किंवा घावणे-चटणी, पाण्याला तांब्या-पेले, बक्षिसाला गावच्या बचतगटाचे कोकम: एवढ्यावर उत्तम कार्यक्रम होतो. फ्लेक्सची गरज कुणालाच नाही.

पोहण्याबद्दल थोडेसे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात आणि तिथला उत्साह पाहण्यासारखा असतो. १९८७ मध्ये जाहीर झालेले मालवणचे सागरी अभयारण्य तिथून हाकेच्या अंतरावर आहे. अशा स्पर्धांच्या जोडीने किनाऱ्यावरच्या मुलामुलींना बुडणाऱ्याला वाचवण्याचे शिक्षण मिळाले, तर दर सुट्टीत पर्यटक बुडाल्याच्या ज्या बातम्या येतात त्या नक्की कमी होतील. समुद्राच्या अंगणात वाढलेल्या कितीतरी मुलींना आजही पोहता येत नाही, आणि त्यांच्यासाठी प्रशिक्षिका व कपडे बदलायला आडोसा या दोन गोष्टी पुरवल्या तरी मोठा फरक पडतो.

आमच्या गटाने या हिवाळ्यासाठी जे ठरवले आहे ते असे. धावण्याची तारीख आम्ही ठरवणार नाही. कासवमित्र आणि मच्छीमार सोसायटी मिळून उधाण, घरट्यांची जागा आणि होड्यांची वेळ पाहून ती सांगतील. सुरुवात सूर्योदयानंतर होईल, ध्वनिक्षेपक नसेल, मार्गाच्या पुढे कासवमित्र चालेल आणि तो जिथे झेंडी रोवेल तिथून सगळे खाली पाण्याकडे वळतील. क्रमांक काढले जाणार नाहीत. जमलेल्या पैशांतून आधी उबवण केंद्राची जाळी आणि कचऱ्याच्या टेंपोचे भाडे दिले जाईल, मग उरले तर बाकीचे. वर्गीकरणाच्या शेडसाठी जागेचा विषय ग्रामसभेपुढे ठेवला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी शक्यतो रेल्वेने यावे, दोन दिवस आधी कळवावे म्हणजे घरगुती जेवणाची सोय करणाऱ्या काकूंना तांदूळ किती भिजवायचे ते ठरवता येईल, आणि स्वतःची पाण्याची बाटली आणावी.