विरळ पऱ्हाटी

एप्रिलअखेर ऑस्ट्रेलियातल्या नॅराब्रायकडे जाताना रस्त्यालगतच्या शेतांत पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले कापसाचे गोल गठ्ठे ओळीने पडलेले असतात. एकेक गठ्ठा माणसाहून उंच, दोन टनांच्या पुढचा. वेचणीचं यंत्र चालता चालताच तो बांधतं आणि मागे सोडतं. गाडी थांबवून मी पाहत उभा राहिलो, तर तिथल्या शेतकऱ्याने अगदी आपुलकीने विचारलं, "तुमच्याकडे भारतात हेक्टरी इतकी कमी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, का निघते?"

चार दिवस तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

त्याचं म्हणणं खरं आहे. इथे ओलिताखाली हेक्टरी दोन हजार किलोच्या वर रुई मिळते, आपली सरासरी साडेचारशेच्या आसपास. त्यात रुई दाबून बांधलेली आपली गाठ 170 किलोची आणि इथली 227 ची, म्हणजे नुसत्या गाठी मोजल्या तर आपण आहोत त्याहून मोठे दिसतो.

तरी ही तुलना मला मान्य नाही, आणि ते मी त्याला तावातावाने सांगितलं. नॅमॉय नदीवरचं कीपिट धरण 1960 मध्ये पूर्ण झालं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातून आलेले दोन शेतकरी या वी वॉ भागात कापूस लावायला लागले. आधी पाणी, मग पीक. पाणी नसलं की हे लोक पेराच घटवतात. 2019-20 च्या दुष्काळात लागवड अगदी थोडी झाली. महाराष्ट्रातला कापूस जवळजवळ सगळा कोरडवाहू. धरणात किती पाणी आहे ते बघून पेरायची सोय आपल्या शेतकऱ्याला कुठे आहे?

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. सगळं पाण्यावर ढकलता येत नाही. सुरतच्या संशोधन केंद्रातून 1970 साली एच-4 आलं, व्यापारी लागवडीसाठीचं जगातलं पहिलं संकरित कापूस वाण. त्याचा मला अभिमान आहे. पण संकरित बियाणं महाग, दरवर्षी नव्याने घ्यायचं, म्हणून लागवड विरळ. 90 बाय 60 सेंटिमीटरवर हेक्टरी साडेअठरा हजार झाडं बसतात. इथे सरळ, म्हणजे संकरित नसलेलं वाण, हेक्टरी लाखभर झाडं; प्रत्येकावर मोजकीच बोंडं, तीही एकदम फुटतात आणि एका वेचणीत शेत मोकळं. आपली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, तीन-चार वेचण्यांसाठी महिनोन्महिने उभी राहते आणि तेवढा काळ गुलाबी बोंडअळीचं फावतं.

आपल्या हातवेचणीत पाचोळा कमी येतो, हे मात्र सांगितलं. यंत्र घालण्याआधी यांना औषध फवारून झाडाची पानं गाळावी लागतात.

इथे सूतगिरण्या जवळपास उरलेल्या नाहीत. रुई जहाजाने बाहेर जाते. "आमच्याकडे पिकतोही, कातलाही जातो, विणलाही जातो," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. आमचाही तिकडेच येतो."

डिसेंबर 2022 मध्ये लागू झालेल्या व्यापार करारानुसार वर्षाला 51,000 टन ऑस्ट्रेलियन कापूस आयात शुल्काविना भारतात येऊ शकतो. यावर मला काही बोलता आलं नाही.